हिरेमठ बाईंचा ‘एक’

सोम., ६ जाने.

परिपत्रक म्हणतं, ‘प्रति शिक्षक अंदाजे पंधरा मिनिटे.’ आज खरी किंमत मोजली. माझ्या केंद्रात शाळा नऊ, शिक्षक एक्केचाळीस. संध्याकाळपर्यंत फॉर्म पूर्ण झाले सात. त्या सातांपायी काय काय गेलं? चिंचोळी एमआयडीसीच्या धुळीतून माझी दिवसभराची गाडी. वस्तीशाळेतली तिसरी-चौथीची अख्खी दुपार, कारण तिथं शिक्षकच दोन आणि दोघंही पटांगणात फोन उंच धरून ओटीपीची वाट बघत उभे. तेवढ्यात एका पोराचा गुडघा फुटला. शिवाय एक नवरा-बायको, दोघंही आपलेच शिक्षक, एकमेकांशी बोलेनासे झाले. त्याचा जुना पासवर्ड सापडला. त्यात एका बाईचं नाव होतं, पण ते हिचं नव्हतं.

मापन कशाचं, तर डिजिटल साधनं वापरून शिकवण्याचा शिक्षकाला किती आत्मविश्वास वाटतो त्याचं. चोवीस विधानं. ‘मी ऑनलाइन चाचणी तयार करू शकतो/शकते.’ पुढं एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण. शुक्रवारी मुदत.

माझा कालच झाला. चोवीस विधानं, चोवीस पाच. चार मिनिटं. ग्रुपवर टाकलं तेव्हा तालुक्यातल्या बाकीच्या केंद्रप्रमुखांना लिंकसुद्धा उघडत नव्हती. एका जणाने विचारलं, ‘सर, छप्पन्नाव्या वर्षी कसं जमतं?’ मी हात जोडल्याचं चित्र टाकून दिलं. यंत्रमागावर उभं राहून डी.एड. केलेला माणूस आहे म्हटलं, यंत्राला काय भ्यायचं.

मंगळ., ७ जाने.

मोठ्या शाळेत गेलो होतो. खिचडी शिजते त्या खोलीच्या भिंतीमागं दोन मास्तर हळू बोलत होते. त्यांना वाटलं मी गाडी लावतोय.

‘तीनच्या खाली गेलं की नाव यादीत. एप्रिलमध्ये समायोजन. करमाळ्याकडं टाकणार म्हणे.’

‘कोण म्हणलं?’

‘सगळेच म्हणायलेत.’

माझे कान वाईट, फार तिखट. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागावर धागा तुटतोय ते पाठमोरा सांगायचो. त्या काळी मालकाला कौतुक होतं. आता हे असलं ऐकू येतं.

विस्तार अधिकारी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, असं काही नाही. पण म्हणायच्या आधी श्वास घेतला. मी विचारलं, लेखी आहे का तसं? तर म्हणाले, लेखी कशाला पाहिजे, मी सांगतोय ना. ज्याला खात्री असते तो श्वास घेत नाही.

गुरु., ९ जाने.

शिक्षण परिषद. राहिलेल्या चौतीस जणांचे फॉर्म एका दमात उरकायचे ठरवले होते. कल्पना माझीच. हॉटस्पॉट माझा. ज्यांचे फोन चालत नाहीत त्यांचे फॉर्म माझ्या फोनवरून. माने गुरुजी, म्हणजे केंद्रशाळेचे मुख्याध्यापक, खणखणीत आवाजाचा माणूस, ते एकेक विधान मोठ्यानं वाचणार, बसल्या जागी प्रत्येकानं आकडा सांगायचा आणि दाबायचा. हजेरी घेतात तसं.

पहिल्या विधानाला पहिल्या रांगेतून आवाज आला, ‘पाच.’ झालं. मग पाच, पाच, पाच. सातव्या विधानापासून तर गुरुजींचं वाचून व्हायच्या आतच पाच. मला हसू येत होतं. उत्पन्नाचा दाखला सोडला तर सरकारी कागदावर स्वतःला कमी लिहायची आपल्यात रीतच नाही.

तेवढ्यात हिरेमठ बाई म्हणाल्या, ‘एक.’

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग हसणं. मागून कुणीतरी बारीक आवाज काढला, ‘ऐकू येतंय का? येतंय का ऐकू?’ मग जास्तच हसले.

ते जुनं आहे. लॉकडाऊनमध्ये बाई फोनवर पहिलीचा वर्ग घ्यायच्या. एकदा अर्धा तास पलीकडे काहीच पोचेना आणि बाई आपल्या विचारताहेत, ऐकू येतंय का, येतंय का ऐकू. कुणा पालकानं ते रेकॉर्ड करून गावभर पाठवलं. एमआयडीसीतल्या एका पोरानं त्याची रिंगटोन केली. चहाच्या टपरीवर ती वाजली तेव्हा मीही हसलो होतो. कशाला खोटं लिहा.

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड. एक्कावन्न वर्षांच्या असतील. पहिली-दुसरी त्यांच्याकडं दिली की डिसेंबरात पोरं वाचतात, हे केंद्रात सगळ्यांना माहीत. त्यांचा फोन साधा, म्हणून फॉर्म माझ्या फोनवर. सगळे उठून चहाला गेल्यावर माझ्याशेजारी बसल्या आणि प्रत्येक विधान नीट ऐकून आकडा सांगितला. एक. एक. दोन. एक. ‘चित्र दाखवून मुलांना बोलते करू शकते’ याला थोडं थांबून तीन. मग परत एक.

मी चार दाबलं. चोवीस वेळा चार. त्या समोर बसल्या होत्या, फोनची काच माझ्याकडं होती.

करमाळ्याला पाठवतात की काय या बाईला. नवरा आजारी, डायलिसिस सोलापुरात. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

शुक्र., १० जाने.

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पूर्ण. जिल्ह्यात पहिलं केंद्र. साहेबांनी ग्रुपवर माझं नाव घालून अभिनंदन टाकलं. त्याखाली सत्तेचाळीस अंगठे. घरी सरोजाला दाखवलं. ती म्हणाली, भाजी आणलीत का.

बुध., १५ जाने.

गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्ट्या. गर्दीमुळं शुक्रवार पेठेतून गाडी निघत नाही, घरीच. बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही. पल्लवीचा, आमच्या लेकीचा, पुण्याहून फोन आला. तिला कंपनीत बढती. आनंदाची बातमी. फोन वाजला तेव्हा आधी साहेबांचाच वाटला होता.

सोम., २० जाने.

दोन गोष्टी एकाच पत्रात.

पहिली. ‘आपल्या केंद्रातील शिक्षकांचा आत्मविश्वास उच्च असल्याने प्रशिक्षणातून आपले केंद्र वगळण्यात येत आहे.’ ठीक. सगळे सुटले म्हणून खूश.

दुसरी. उच्च आत्मविश्वास गटातून जिल्ह्यानं चिठ्ठ्या टाकून पाच शिक्षक काढलेत. गुरुवारी ३० तारखेला त्यांनी पाहुण्या पथकापुढं स्क्रीनवर प्रात्यक्षिक पाठ घ्यायचा. चित्रीकरण होणार, सगळ्या जिल्ह्याला दाखवणार. चौथं नाव हिरेमठ बाईंचं.

पत्र ग्रुपवर टाकावंच लागलं. त्या दिवशी हॉलमध्ये चौतीस माणसं होती, सगळ्यांनी तो ‘एक’ ऐकलेला. दोन तास ग्रुपवर नुसत्या वाचल्याच्या निळ्या खुणा. मग कुणीतरी एक अंगठा टाकला आणि लगेच काढून घेतला.

जेवण गेलं नाही.

मंगळ., २१ जाने.

बाई मधल्या सुट्टीत माझ्या खोलीवर आल्या. दारात उभ्या. या म्हटल्यावर आत आल्या, बसा म्हटल्यावर बसल्या. बांगड्यांचा आवाज नाही. वर्गात त्यांच्या बांगड्या सारख्या वाजत असतात.

‘सर, माझं नाव कसं आलं? मी एक म्हटलं होतं.’

आता सांगायचं होतं. हीच वेळ होती. मी म्हणालो, ‘सर्व्हरची गडबड असणार बाई. वरून असं होतं कधी कधी.’

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला खुर्चीवर बसवेना. म्हणाल्या, तरीच. मी घरी सगळ्यांना म्हणत होते, सरांनी स्वतः भरलाय, चूक व्हायची नाही.

गुरु., २३ जाने.

कपाळ माझं. बाईंनी अर्ज केला. थेट विस्तार अधिकाऱ्यांना, रेघांच्या कागदावर, गोल अक्षरात. मला प्रत, माहितीसाठी.

‘आपल्या सर्व्हरमध्ये दोष असल्याचे मा. केंद्रप्रमुख सरांकडून समजले. माझ्याप्रमाणे इतर भगिनींचेही आकडे चुकले असतील. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून तपासणी व्हावी, ही विनंती.’

इतर भगिनींची गैरसोय. स्वतःच्या पाठाबद्दल एक अक्षर नाही.

मी कागद उलटा करून ठेवला. मग सुलटा केला. मग परत उलटा.

शुक्र., २४ जाने.

साहेबांचा फोन. आवाज अगदी गोड. तोच वाईट.

‘सर्व्हर बरोबर आहे म्हणतात हो. पण तुमच्या केंद्रातले चौदा फॉर्म एकाच फोनवरून गेलेत. कुणाचा फोन असेल?’

मी म्हणालो, बघून सांगतो.

‘बघा. आणि लेखीच द्या. बुधवारपर्यंत.’

मेलवर तक्ता आला. रकाने चार. शिक्षकाचे नाव. शिक्षकाने सांगितलेली श्रेणी. फॉर्म कोणी भरला. स्वाक्षरी.

दोन वर्षं राहिली. चौकशी लागली की निवृत्तीच्या कागदांवर बसून राहतात. एकाचं मी पाहिलंय, बिचारा दर सोमवारी पिशवी घेऊन जिल्ह्याला जायचा, वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसायचा, संध्याकाळी परत. पिशवीत काय असायचं, तर पाण्याची बाटली आणि कडक भाकरी. तो बाक डोळ्यापुढून जाईना.

सरोजा म्हणाली, कालपासून कुकरची शिट्टी झाली तरी दचकताय. काय केलंय तुम्ही?

काय झालंय, असं नाही विचारलं. काय केलंय. बत्तीस वर्षांचा संसार आहे.

शनि., २५ जाने.

माने गुरुजींना सांगितलं. सगळंच. शाळा सुटल्यावर कडुलिंबाखाली. ते आधी हसले, मग माझ्याकडं बघून थांबले.

‘आवो साहेब, त्यात काय हाय? बाईंची सही घ्या की. मी स्वतः भरला, नजरचुकीनं चार पडलं. एक ओळ. बाकीचे तेरा तर पाचच म्हणले होते, त्यांची काय तक्रार न्हाय. बाईंचा तेवढा एक मिटवा.’

मी म्हणालो, बाई का सही देतील?

‘तुमी म्हणल्यावर न्हाय म्हणायच्या न्हाईत. मुकाट्यानं देतील.’ मग पायानं कडुलिंबाच्या काड्या सारत, ‘पण पाठ त्येंनाच घ्यावा लागंल मग. कॅमेऱ्यापुढं. त्ये बघा तुमचं तुमी.’

रवि., २६ जाने.

झेंडावंदन केलं. घरी येऊन ती एक ओळ लिहून काढली. चार वेळा. माझं अक्षर चांगलं आहे. इतकं चांगलं अक्षर कधी नकोसं झालं नव्हतं.

सोम., २७ जाने.

गेलो. बाईंच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. सवय आहे, आत जायच्या आधी ऐकायची.

एका कारखान्यानं दिलेला मोठा स्क्रीन आहे तिथं. बाई सराव करत होत्या. बटण दाबल्याचा टुक आवाज, मग काही नाही. परत टुक. बाईंचा आवाज वरच्या पट्टीत गेला, पातळ झाला. ‘थांबा हं. थांबा बाळांनो. आत्ता येईल.’ बांगड्या बंद. पोरं गप्प. पोरं इतकी गप्प कधी नसतात, त्यांना भीती लगेच कळते. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग स्क्रीनवर कापड टाकल्याचा आवाज, आणि खडू. आणि बाई बोलायला लागल्या ते दुसरीच बाई. वीस पोरं एकदम वाचायला लागली. पत्रे हलत होते.

सुट्टी झाल्यावर आत गेलो. पोरं डबे घेऊन बाहेर. मी घडी केलेला कागद काढला, म्हणालो, बाई, जरा एक सही पाहिजे होती. त्यांनी पर्समधून पेन काढलं, टोपण काढलं.

‘कुठं करू?’

वाचलंसुद्धा नाही. मी कागद दिला नाही. खालच्या बुटक्या बाकावर बसलो, गुडघे हनुवटीला लागत होते, आणि सांगून टाकलं. सर्व्हरमध्ये काही दोष नाही. तुम्ही एक म्हणत होतात, मी चार दाबत होतो.

‘कशाला?’

‘तुमचं नाव यादीत जाऊ नये म्हणून. समायोजनाच्या.’

‘कसली यादी?’

त्यांनी ती अफवाच ऐकलेली नव्हती. केंद्रात चाळीस माणसं त्या यादीला भिऊन पाच म्हणाली, आणि बाईंना यादी माहीत नाही. त्या मधल्या सुट्टीत वर्गातच असतात. कोण सांगणार.

मग म्हणाल्या, ‘सर, परिपत्रकात होतं, ज्यांना कमी वाटतं त्यांच्या शाळेत शिकवायला माणूस येणार. शेवटच्या पानावर. मी दोनदा वाचलं. म्हणून एक म्हटलं.’

मी ते शेवटचं पान पाहिलेलं नव्हतं.

‘सगळ्यांपुढं म्हणायचं मला...’ एवढंच बोलल्या. खिडकीतून पोरांकडं बघत राहिल्या.

मी म्हणालो, माझं चुकलं बाई. दुसरं काय म्हणणार.

‘इरली बिड्री,’ त्या म्हणाल्या. असू द्या. मग माझ्या हातातला कागद हळूच घेतला, आता मात्र पूर्ण वाचला, आणि बाकावर ठेवून खाली सही केली. तारीख घातली. ‘तुमची दोनच वर्षं राहिलीत ना सर. आमच्या ह्यांचं आजारपण आहे, मला माहीत आहे कागदाला कसं भ्यायचं असतं.’

‘आणि गुरुवारचा पाठ?’

‘घेते. होईल ते होईल.’ पेनाचं टोपण तीनदा लावलं, तीनदा निसटलं.

कागद घेऊन आलो. हे लिहायला नको वाटतंय, पण घेऊन आलो. नको म्हणालो नाही.

मंगळ., २८ जाने.

शाळांना गेलो नाही. तक्ता टेबलावर, बाईंची सही खिशात. उद्या अकराला साहेबांपुढं.

सही लावली तर मी सुटतो. बाई गुरुवारी कॅमेऱ्यापुढं टुक टुक करत उभ्या राहणार, आणि ते कापून कुणीतरी परत गावभर पाठवणार. लावली नाही तर तो वरच्या मजल्यावरचा बाक. पिशवी, बाटली.

सरोजाला सगळं सांगितलं. ती निवडत होती ती मेथी तशीच ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, बाकावर बसायला लागलं तर डबा मी देईन. वर म्हणाली, भाकरी कडक नको, दात आहेत कुठं तुमचे. मला वाटलं होतं रडेल.

दुपारी तक्ता भरायला घेतला. हिरेमठ बाईंच्या नावापुढं, सांगितलेली श्रेणी: एक. फॉर्म कोणी भरला: केंद्रप्रमुख, श्रेणी बदलून. शेवटचं पान काढून वाचलं. खरंच आहे तिथं, माणूस येणार म्हणून. खाली जोडून लिहिलं, सदर शिक्षिकेस प्रात्यक्षिकातून वगळून प्रशिक्षण द्यावे, आणि बाकीच्यांनाही परत विचारावे, एकेकट्याला. ऐकतील की नाही कुणास ठाऊक. पाठ परवाच आहे. साहेबांचा फोन बंद लागतोय.

बाईंच्या सहीचा कागद अजून खिशात आहे. फाडला नाही. फाडीन असंही लिहीत नाही.

बाकीच्या तेरांपुढंही ‘केंद्रप्रमुख’ लिहिलं. त्यांनी निदान आकडे स्वतः सांगितले होते.

एक्केचाळीस झाली. बेचाळिसाव्या ओळीला माझं नाव छापून आलंय, केंद्रप्रमुखांनीही भरायचा होता ना. श्रेणी: पाच. पुढचा रकाना बराच वेळ कोरा ठेवला. मग लिहिलं.

माझा फॉर्म पल्लवीनं पुण्याहून भरला. मी फोनवर ओटीपी सांगितला.